पीक कुठलं, तण कुठलं? वाचकांच्या पत्रांना उत्तरं

गेल्या अंकात मी माझ्या नोकरीबद्दल लिहिलं होतं. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं रामन मायक्रोस्कोप चालवला, लोकांचे नमुने तपासून दिले आणि गेल्या वर्षी निवृत्त झाले. लेख दोन पानांचा होता, पत्रं मात्र गठ्ठाभर आली. जागेअभावी सहाच घेतली आहेत. लांबलचक होती ती थोडक्यात दिली आहेत, राग मानू नये.

आधी एका शब्दाचा खुलासा करते, कारण तो तिघांनी विचारलाय. आलेखाची रेघ सपाट चालताना मध्येच टोकदार वर जाते, तिला प्रयोगशाळेत 'पीक' म्हणतात. शब्द इंग्रजीतला. 'शिखर' म्हणायला हवं, पण म्हणत कोणी नाही. नोकरीला लागले त्या वर्षी मी घरी फोनवर मोठ्या उत्साहाने सांगितलं, "आज फार सुंदर पीक आलं." वडील ज्वारीवाले शेतकरी. म्हणाले, "कशाचं?" मी म्हटलं, "सिलिकॉनचं." ते थोडा वेळ गप्प राहिले. मग विचारलं, "भाव काय लागला?"

"ताई, आमच्या कॉलेजच्या मायक्रोस्कोपला १००चा ऑब्जेक्टिव्ह (नमुन्याजवळचं भिंग) आणि १०चा आयपीस (डोळ्याजवळचं भिंग) आहे, म्हणजे १००० पट दिसतं. तुमच्या यंत्रालाही १००चाच ऑब्जेक्टिव्ह होता असं तुम्ही लिहिलंय. मग ते टेबलभर यंत्र जास्तीचं करतं काय?"
– बारावीची विद्यार्थिनी, बार्शी

बरोबर बोट ठेवलंस. आमच्याकडे यंत्र बघायला येणारे पाहुणेही पहिल्यांदा हेच विचारायचे, किती मोठं दिसतं? तुझ्या कॉलेजात दिसतं तेवढंच. त्याहून मोठं करून फायदाही नाही. एर्न्स्ट आबे यांनी जर्मनीत येना इथे १८७३ मध्येच दाखवून दिलं होतं की उजेड लाटांचा असल्यामुळे दोन ठिपके ठरावीक अंतरापेक्षा जवळ आले की भिंग कितीही भारी असो, ते एकच दिसतात. हिरव्या उजेडात आणि चांगल्या ऑब्जेक्टिव्हने हे अंतर ३०० नॅनोमीटरच्या आसपास येतं. मोबाइलवरचा फोटो बोटांनी ताणला तर चेहरा मोठा होतो, पण न दिसलेला तीळ काही दिसायला लागत नाही.

म्हणून आमचं यंत्र ठिपका मोठा करण्याच्या नादी लागत नाही. तो ठिपका कशाचा आहे, एवढं सांगतं. कांद्याच्या पापुद्र्यावर तू आयोडीन टाकतेस ना? टाकलं नाही तर सगळं पाण्यासारखं दिसतं. असा रंग न घालता पेशीत प्रथिनं कुठे आणि चरबी कुठे ते कळावं, किंवा एखाद्या पुडीतला पांढरा कण चुन्याचा की वाळूचा ते त्याला हात न लावता कळावं, यासाठी हा खटाटोप.

ऑब्जेक्टिव्हमधून हिरवा लेझर खाली नमुन्यावर सोडतात. तिथे मायक्रॉनपेक्षाही लहान ठिपका पडतो. उजेड विखुरतो आणि त्यातला जो वर परत येतो, तो त्याच ऑब्जेक्टिव्हने गोळा करायचा. जवळजवळ सगळा जसा गेला तसाच हिरवा परत येतो. पण साधारण कोटीतला एखादा फोटॉन, म्हणजे उजेडाचा कण, रंग बदलून येतो. यालाच रामन परिणाम म्हणतात. रेणूतले बंध सतत थरथरत असतात. त्यांनी या फोटॉनकडून थरथरण्यापुरती ऊर्जा काढून घेतलेली असते, आणि प्रत्येक बंधाची वसुली ठरलेली असते. ५३२ नॅनोमीटरचा हिरवा फोटॉन सिलिकॉनमधून असा वसूल होऊन आला की ५४७चा झालेला असतो. हा फरक आम्ही तरंगसंख्येत मोजतो, म्हणजे एका सेंटिमीटरमागे किती लाटा त्या हिशेबात. बोलताना मात्र नुसता आकडा. सिलिकॉन ५२०, हिरा १३३२, प्रथिनातलं फिनाइलॲलॅनिन १००३. हे आकडे मला घरच्या फोन नंबरापेक्षा पक्के पाठ आहेत.

आता कोटीतला एक हुडकायचा तर उरलेले ९९,९९,९९९ हाकलले पाहिजेत. टेबल भरतं ते या हाकलण्याच्या सरंजामाने. पहिल्यांदा लेझरचा मूळ रंग अडवणारी गाळणी. मग एक बारीकसं भोक, ज्यातून फोकसच्या वरखालचा उजेड पुढे जाऊ शकत नाही. ही युक्ती मार्विन मिन्स्की यांची, १९५७ मध्ये त्यांनी तिच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. मग मिलिमीटरला १८०० रेघा आखलेली ग्रेटिंग, ती रंग पसरवते. आणि शेवटी कॅमेरा, उणे ६० अंशांच्या खाली थंड केलेला, कारण कोमट कॅमेरा स्वतःच्याच उष्णतेने आकडे ठोकून देतो.

रोज सकाळी पहिलं काम म्हणजे सिलिकॉनचा तुकडा ठेवून ५२०चं पीक जागेवर आहे का ते बघायचं. मे महिन्यात रविवारी एसी बंद राहिला तर सोमवारी ते हमखास सरकलेलं असायचं. पावसाळ्यात वेगळा ताप, ऑब्जेक्टिव्हवर बुरशी. मी सगळे ऑब्जेक्टिव्ह सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायचे. डब्यावर 'खाऊ नाही' असं लिहिलेलं होतं, कारण एकदा कुणीतरी उघडला होता.

"दरवर्षी २८ फेब्रुवारीला आम्ही शाळेत रामन यांची गोष्ट सांगत आलो. पण वर्णपट आणि मायक्रोस्कोप एकत्र आणण्याची कल्पना रामन यांची का? की कुणा दुसऱ्याची?"
– निवृत्त शिक्षक, मिरज

गुरुजी, ही कल्पना रामन यांच्या जन्माआधीची आहे. हेन्री क्लिफ्टन सॉर्बी नावाचे एक गृहस्थ इंग्लंडात शेफील्डला राहत. पोलादाचं गाव. १८६०च्या दशकात त्यांनी पोलाद घासून, आम्लाने खरवडून मायक्रोस्कोपखाली बघितलं. आज धातूंच्या कारखान्यात जी तपासणी रोज होते तिची ही सुरुवात. त्याच माणसाने १८६५ मध्ये मायक्रोस्कोपला वर्णपटदर्शक जोडला आणि रक्ताचे डाग ओळखून दाखवले. रक्तातल्या लाल द्रव्याच्या वर्णपटात काळे पट्टे पडतात, गंजाच्या किंवा लाल रंगाच्या डागात ते तसे पडत नाहीत. पोलाद आणि रक्त, दोन्ही एकाच टेबलावर. आज पदार्थविज्ञानवाले आणि पेशीवाले आमच्या यंत्राच्या वेळापत्रकावरून भांडतात तेव्हा मला सॉर्बींची आठवण होते.

पुढची गोष्ट शाळेत सांगण्यासारखी आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. चार्ल्स मॅकमन नावाचे एक डॉक्टर वुल्व्हरहॅम्प्टन गावात रुग्ण बघत. फावल्या वेळात ते प्राण्यांच्या स्नायूंचे तुकडे वर्णपटदर्शक लावलेल्या मायक्रोस्कोपखाली ठेवत. १८८०च्या दशकात त्यांना स्नायूंमध्ये रक्ताहून वेगळे पट्टे दिसले. त्यांनी लिहिलं, की हे श्वसनाशी संबंध असलेलं वेगळं द्रव्य आहे. जर्मनीतले त्या काळचे मोठे रसायनशास्त्रज्ञ होप्पे-झायलर यांनी ते मानलं नाही. एवढ्या मोठ्या माणसाने नाही म्हटल्यावर गावातल्या डॉक्टरचं कोण ऐकणार? विषय बारगळला. मॅकमन १९११ मध्ये वारले.

केंब्रिजमध्ये डेव्हिड केलिन कीटकांवर काम करत होते. मेणकिड्याच्या पतंगाच्या छातीच्या स्नायूंमध्ये त्यांना तेच पट्टे दिसले. मग यीस्टमध्येही दिसले. यीस्ट कालवलेलं पाणी त्यांनी हवेशी जोरात हलवून बघितलं तर पट्टे गायब, आणि थोड्या वेळाने डोळ्यांदेखत परत हजर. यीस्टने पाण्यातला प्राणवायू संपवला की पट्टे परतत. पेशीचा श्वास कुणी असा डोळ्यांनी बघितला असेल तर केलिन यांनी. १९२५ मध्ये त्यांनी या द्रव्याला सायटोक्रोम नाव दिलं आणि मॅकमन बरोबर होते असं स्पष्ट लिहिलं. सायटोक्रोमचं पीक आजही हिरव्या लेझरखाली ७५०ला येतं. आमच्याकडच्या पेशींच्या नकाशांमध्ये ते दिसलं की मला वुल्व्हरहॅम्प्टनच्या डॉक्टरबद्दल उगाच बरं वाटायचं.

रामन आणि कृष्णन यांनी कोलकात्यात १९२८ मध्ये जे बघितलं, ते तर उन्हात. भिंगाने एकवटलेलं ऊन, एका बाजूला एका रंगाची काच, दुसऱ्या बाजूला दुसऱ्या रंगाची. पहिल्या काचेतून आलेला रंग दुसरीतून जाऊच शकत नव्हता, तरी पलीकडे अंधुक उजेड दिसला. म्हणजे मधल्या द्रवाने रंग बदलला. पण हा उजेड इतका क्षीण, की मायक्रोस्कोपच्या ठिपक्याएवढ्या नमुन्यातून तो पकडणं तेव्हा अशक्यच होतं. त्यासाठी आधी लेझर यावा लागला, १९६० मध्ये. फ्रान्समध्ये लील इथे देलाय आणि दामेलँकूर यांनी १९७०च्या दशकाच्या मध्यावर रामन मायक्रोस्कोप उभा केला. एकट्या जिवंत पेशीचा वर्णपट नेदरलंड्समधल्या पुपेल्स आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये छापला. तुमच्या २८ फेब्रुवारीपासून इथवर यायला ६२ वर्षं लागली.

"मी पीएच.डी. करतोय, कर्करोगाच्या पेशींवर. आलेखात मोठा फुगवटा येतो, त्यात पीक बुडून जातात. शिवाय ४८०च्या पुढे एक बारीक, टोकदार पीक आहे. औषध दिलेल्या पेशींत आहे, न दिलेल्यांतही आहे. सर म्हणतात, नवीन काहीतरी सापडलंय. लेझर ५३२चा आहे."
– संशोधक विद्यार्थी, कोल्हापूर

सर माझं हे उत्तर वाचणार असतील तर आधीच माफी मागते. तुमच्या खोलीत ट्यूबलाइट आहे का? जुनी, पाऱ्याच्या वाफेची, एलईडी नव्हे?

आमच्याकडे एका मुलीला अगदी असंच पीक तीन आठवडे छळत होतं. तिने तर त्याचं नावही ठेवलं होतं, ते मी इथे लिहीत नाही. नमुना बदलला, स्लाइड बदलली, पीक हलेना. एका संध्याकाळी लाइट गेली. यंत्र यूपीएसवर चालू राहिलं, खोली काळोखी झाली, आणि पुढच्या आलेखात पीक नाही. ती अंधारातच ओरडली. मला वाटलं शॉक लागला.

पाऱ्याच्या वाफेची एक ठळक हिरवी रेघ ५४६ नॅनोमीटरवर असते. ५३२च्या लेझरपासून फरक काढलात तर तो ४८०च्या थोडा पुढेच येतो. ऑब्जेक्टिव्ह काही फक्त पेशीचा उजेड घेत नाही, छतावरचाही घेतो. लेझर बंद करून एक आलेख घ्या. तरी पीक आलं तर ते तुमच्या पेशीचं नाही. दुसरी खूण अशी, की खरं रामन पीक लेझर बदलला तरी त्याच आकड्यावर राहतं, बाहेरचा उजेड जागा बदलतो. आणि कधीकधी एखादं सुईसारखं पीक एकदाच येऊन नाहीसं होतं. ते अंतराळातून आलेल्या वैश्विक किरणांचं, कॅमेऱ्यावर आपटून गेलेलं. त्याच जागी पुन्हा मोजलं की ते नसतं.

आता फुगवटा. हा प्रकाश बहुतेक वेळा प्रतिदीप्तीचा असतो, म्हणजे लेझर गिळून द्रव्य स्वतःच चमकतं त्याचा. रामनचा उजेड कोटीतला एक, प्रतिदीप्ती त्याच्या कितीतरी पट, त्यामुळे नमुन्यात चमकणारं थोडंही काही असलं की संपलं. तुम्ही स्लाइड कसली वापरता ते लिहिलं नाही. पेशी वाढवायच्या माध्यमाबद्दलही लिहिलं नाही. ते लालसर असतं, त्यात फिनॉल रेड असतं. मोजण्याआधी ते ओतून टाकून पेशी साध्या बफरने दोनदा धुवा. निम्मा फुगवटा इथेच जायची शक्यता आहे.

उरला तर लेझर बदलायचा, ५३२ऐवजी ७८५ घ्यायचा. लालच्या पलीकडच्या या उजेडात बहुतेक द्रव्यं चमकत नाहीत. पण फुकट काही मिळत नाही. विखुरणं तरंगलांबीच्या चौथ्या घाताने कमी होतं, म्हणजे ७८५वर ५३२च्या साधारण पावणेपाचपट कमी उजेड. जास्त वेळ थांबावं लागेल. शिवाय ७८५खाली साधी काच स्वतःच मोठा फुगवटा देते. त्यासाठी कॅल्शियम फ्लोराइडची स्लाइड उत्तम, तिचं फक्त एकच पीक ३२१ला येतं आणि पेशीच्या वाटेत येत नाही. ती महाग असते आणि पडली की फुटते, अनुभवाने सांगते. तेवढं बजेट नसेल तर क्वार्ट्झ घ्या.

सॉफ्टवेअरमध्ये फुगवटा वजा करायचं बटण असतं. सगळे तेच दाबतात. आलेख सपाट होतो आणि छापायला बरा दिसतो. पण फुगवट्याबरोबर आलेली आलेखाच्या रेघेची थरथर वजा होत नाही, ती तशीच राहते आणि बारीक पीक तिच्यात हरवलेलं असतं ते हरवलेलंच राहतं. खुरपायचं ते नमुन्यात. आलेखात खुरपून उपयोग नाही.

"आमच्याकडे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपला ईडीएस जोडलेला आहे. कुठली मूलद्रव्यं किती, सगळं कळतं. मग रामन कशाला हवा? साहेब विचारतात, मला सांगता येत नाही."
– अभियंता, भोसरी

साहेबांना एक शिंपला दाखवा, मोत्याचा. आतला चकचकीत थर ॲरागोनाइटचा, बाहेरचा कॅल्साइटचा. ईडीएसला दोन्हीकडे कॅल्शियम, कार्बन, ऑक्सिजन, तेही त्याच प्रमाणात, कारण दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटच. अणू रचले आहेत वेगळ्या पद्धतीने. रामनमध्ये मोठं पीक दोघांचं १०८५च्या आसपास, पण त्याखाली कॅल्साइटला २८१ला पीक आहे आणि ॲरागोनाइटला २०६ला. एका सेकंदात फैसला. हिरा आणि ग्रॅफाइट, रंगात वापरतात त्या टायटॅनियम डायऑक्साइडची दोन रूपं, रूटाइल आणि ॲनाटेज, सगळ्यांचं तसंच. चिपमधलं सिलिकॉन दाबलं गेलंय की ताणलं गेलंय हेही ५२०चं पीक पुढे सरकलं की मागे त्यावरून कळतं.

पण ईडीएस विकू नका. तांबं, लोखंड अशा साध्या धातूंना रामनमध्ये पीकच येत नाही. मूलद्रव्य किती टक्के, हेही रामन नीट सांगत नाही.

आणि एक सावधगिरी, माझ्याच चुकीतून आलेली. एकदा एका कारखान्यातून बॉयलरच्या नळीचा तुकडा आला. आतल्या बाजूला काळा थर. तो मॅग्नेटाइटचा, म्हणजे लोखंडाच्या काळ्या ऑक्साइडचा आहे ना, एवढंच त्यांना हवं होतं, कारण मॅग्नेटाइट नळीला राखतो. मी घाईत होते. लेझर ५ मिलिवॅटवर ठेवला, पाच जागी मोजलं, पाचही ठिकाणी २२५, २९२, १३२०. हेमटाइट, लोखंडाचा लाल ऑक्साइड. तसा अहवाल टाइप करून सही केली. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. बोलणारे गृहस्थ फार सभ्य होते. म्हणाले, "मॅडम, थर काळा आहे, तुम्ही अहवालात लाल गंज म्हटलाय, तेवढं एकदा बघता का?"

तुकडा परत मायक्रोस्कोपखाली ठेवला, या वेळी लेझर न लावता, साध्या दिव्याने. काळ्या पृष्ठभागावर पाच लालसर ठिपके, ओळीने. मीच भाजलेले. १ मिलिवॅट ऐकायला काहीच वाटत नाही, पण तो एका मायक्रॉनच्या ठिपक्यात ओतला की दर चौरस मीटरचा हिशेब दुपारच्या उन्हाच्या बारा लाख पट जातो. मी त्याच्या पाचपट ओतलं होतं. काळा थर उजेड गिळतो, तापतो, हवेतला प्राणवायू घेतो आणि मॅग्नेटाइटचा हेमटाइट होतो. मग ०.२ मिलिवॅटवर, तीन मिनिटं धरून मोजलं. ६७०च्या जवळ एकच रुंद पीक, मॅग्नेटाइट. नवा अहवाल आणि सोबत माफीचं पत्र पाठवलं. तेव्हापासून काळ्या नमुन्याचा मोजण्याआधी एक फोटो आणि मोजल्यानंतर एक फोटो, असा माझा नियम झाला. नंतर आलेल्या मुलांना तो जाचक वाटायचा.

"वडिलांना तोंडात गाठ आहे. डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला सांगितलंय. लेझरने न कापता कळतं असं ऐकलं. तुमच्या यंत्रावर होईल का?"
– वाचक, नाशिक

नाही होणार. तुकडा काढून घ्या आणि उशीर करू नका. पुढचं सगळं फक्त माहितीसाठी, ते वाचत बसून तारीख पुढे ढकलू नका.

ऐकलंत ते खोटं नाही. नवी मुंबईत खारघरला टाटा मेमोरियल सेंटरचीच ॲक्ट्रेक ही संशोधन संस्था आहे, तिथे तोंडाच्या कर्करोगावर रामन वर्णपटाचं काम बरीच वर्षं झालंय. पण संशोधनात कळणं वेगळं आणि तुमच्या वडिलांचा उपचार त्यावर ठरवणं वेगळं.

आमच्यासारख्या साध्या रामन यंत्राची मोठी अडचण वेळेची. १०० बाय १०० ठिपक्यांचा नकाशा, दर ठिपक्याला एक सेकंद धरला तरी दोन तास ४६ मिनिटं लागतात. त्यावर तोडगा निघाला तो दोन लेझरांचा. दोन्हींच्या रंगांतला फरक नेमका हव्या त्या बंधाच्या थरथरीएवढा ठेवायचा, म्हणजे तो बंध आपोआप थरथरावा याची वाट न बघता त्याला मुद्दाम हलवायचं. एका लेझरचा उजेड किंचित कमी होतो, दुसऱ्याचा वाढतो, आणि तो फरक मोजायचा. याला उद्दीपित रामन म्हणतात. हार्वर्डमधल्या सनी शी यांच्या गटाने २००८ मध्ये अशी यंत्रणा दाखवली आणि थोड्याच वर्षांत तिच्यावर व्हिडिओच्या वेगाने चित्रं घेता येऊ लागली. २०१७ मध्ये अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाच्या डॉक्टरांनी मेंदूच्या शस्त्रक्रियेत ती शेजारच्याच टेबलावर वापरली. चरबीचा एक रंग, प्रथिनांचा दुसरा, आणि न रंगवलेल्या ताज्या तुकड्याचं चित्र पॅथॉलॉजिस्टच्या ओळखीच्या स्लाइडसारखं.

ताज्या 'तुकड्याचं' म्हटलं, लक्षात आलं ना? तिथेही तुकडा काढावाच लागला. वाचला तो प्रयोगशाळेत नेऊन गोठवण्याचा, कापण्याचा आणि रंगवण्याचा वेळ.

नेहमीच्या पद्धतीत तुकडा मेणात बसवतात, ते तसंच होऊ द्या. आमच्याकडे अधूनमधून असे मेणातले तुकडे यायचे आणि आलेखात १०६२, ११३२, १२९५ असं नुसतं मेणच दिसायचं. पॅथॉलॉजिस्टला मात्र त्यातून पेशी दिसते. त्यांच्यावर सोपवा. वडिलांची तब्येत कशी आहे ते कळवलंत तर बरं वाटेल.

"घरी वर्णपट बघायचं यंत्र करता येईल का? लेझर पॉइंटर आहे माझ्याकडे."
– सातवीतला वाचक, अलिबाग

लेझर पॉइंटर आईकडे परत दे. त्याच्याशिवाय करू. घरात जुनी सीडी असेलच, आता त्या कुणी ऐकत नाही. तिच्यावरच्या रेघांमध्ये १.६ मायक्रॉन अंतर असतं, म्हणजे मिलिमीटरला ६२५ रेघा. माझ्या यंत्रातल्या ग्रेटिंगला १८०० होत्या, पण ही सुरुवातीला पुष्कळ झाली. डीव्हीडी मिळाली तर आणखी छान, तिच्या रेघा ०.७४ मायक्रॉनवर असतात.

बुटाचं खोकं घे. एका टोकाला कागदाच्या दोन सरळ कडा जवळजवळ ठेवून केसभर रुंदीची उभी फट कर. दुसऱ्या टोकाला आत सीडीचा तुकडा तिरपा चिकटव आणि वरून डोळा लावायला भोक पाड. सीडी आजोबांकडून कापून घे, तिच्या कडा धारदार होतात. झाकण लाव, फटींना काळी चिकटपट्टी मार, कुठूनही बाहेरचा उजेड आत यायला नको. फट सूर्याकडे कधीच धरायची नाही, दिव्याकडेच.

आधी एलईडी बल्बकडे धर. जांभळ्यापासून लालपर्यंत सलग पट्टा दिसेल. मग घरात किंवा शाळेच्या व्हरांड्यात जुनी ट्यूबलाइट असेल तिच्याकडे धर. पट्ट्यात सुट्या चकचकीत रेघा दिसतील. त्यातली हिरवी रेघ नीट बघून ठेव. ५४६ नॅनोमीटर. वर कोल्हापूरच्या दादाचं उत्तर छापलंय ना, त्याला सापडलेलं पीक तेच असावं. दिसली तर एक पोस्टकार्ड टाक, त्याला मी कळवीन.